घराचा जुना भाव दप्तरात पडून आहे, तो लोकांना दिसू द्या

कोल्हापुरात रंकाळा मागे टाकून फुलेवाडी नाका ओलांडला की गगनबावड्याचा रस्ता लागतो. फुलेवाडीपर्यंत महापालिकेची हद्द, बालिंग्यापासून ग्रामपंचायती. पुढे कोपार्डे, कळे, असळज करत सुमारे ५५ किलोमीटरवर घाटमाथ्यावरचे गगनबावडा येते. या रस्त्यावर शहराजवळ नवी उपनगरे उभी राहिली आहेत आणि घाटाच्या बाजूला फार्महाऊससाठी जागा शोधणारी मंडळी फिरत असतात. त्यामुळे ‘घर विकणे आहे’, ‘प्लॉट विकणे आहे’ असे फलक इथे नवे राहिलेले नाहीत.

अशा एखाद्या फलकावरचा नंबर फिरवून किंमत विचारली की साधारण तीन आकडे कानावर येतात. एक मालक सांगतो तो, दुसरा एजंट ‘बसून ठरवू’ म्हणत सुचवतो तो आणि तिसरा रेडी रेकनरचा, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सरकारी किंमत’. मात्र हे घर याआधी कधी आणि कितीला विकले गेले, आणि याच आळीतली शेजारची घरे गेल्या पाच-दहा वर्षांत कितीला गेली, हे कोणी सांगत नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी मराठी माणूस या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळवता करतो. बहुतेकांना हे प्रश्न विचारता येतात, हेही ठाऊक नसते.

उत्तरे नाहीत असे मात्र नाही. ती सरकारच्या दप्तरात आहेत. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताची एक पानी सूची तयार होते. तिला सूची क्रमांक २ किंवा नुसते ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात १४ रकाने असतात. पहिला विलेखाच्या प्रकाराचा, म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र की हक्कसोडपत्र ते सांगणारा. दुसरा मोबदल्याचा, म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला दिलेल्या रकमेचा. तिसरा बाजारभावाचा, म्हणजे सरकारी दराने निघणाऱ्या मूल्याचा. त्यानंतर भूमापन क्रमांक, पोटहिस्सा व घरक्रमांक, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षकारांची नावे, दस्त केल्याची व नोंदवल्याची तारीख, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि शेरा. एकाच घराच्या अशा तीन-चार सूच्या वर्षांच्या क्रमाने मांडल्या की त्या घराच्या भावाचा इतिहास समोर येतो. शेजारच्या दहा घरांच्या सूच्या त्यांच्या बाजूला ठेवल्या की त्या वस्तीचा इतिहासही तयार होतो.

ही सूची पाहणे हा नागरिकाचा जुना हक्क आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम ५७ नुसार स्थावर मिळकतींच्या दस्तांचे पुस्तक आणि त्याची सूची, शुल्क भरून अर्ज करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला पाहता येते. खरेदी-विक्रीची नोंद चार लोकांना दिसावी, एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये, हाच नोंदणीमागचा हेतू. गगनबावड्याला तर नोंदींचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हे गाव पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचे. ‘आज्ञापत्रा’चे कर्तृत्व ज्यांच्याकडे जाते ते रामचंद्रपंत अमात्य याच घराण्यातले. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यवहारांची दप्तरे अभ्यासकांना चाळता येतात. मग २०१० साली झालेल्या व्यवहाराचा भाव शेजाऱ्याला का कळू नये?

नोंदणी व मुद्रांक विभागाने या दिशेने एक मोठे पाऊल टाकले आहे. राज्याच्या बहुतेक भागांत २००२ च्या आसपास दस्तनोंदणी संगणकावर आली आणि आता ‘ई-सर्च’ सुविधेतून घरबसल्या सूची पाहता येते. हे काम कौतुकाचे आहे. मात्र ही सुविधा वापरताना आधी वर्ष, जिल्हा, तालुका आणि गाव निवडावे लागते, मग मिळकतीचा नेमका क्रमांक टाकावा लागतो. म्हणजे गट क्रमांक माहीत असेल तर त्या गटाची, तीही एका वेळी एका वर्षाची माहिती मिळते. ‘असळजमध्ये गेल्या पाच वर्षांत गावठाणातली किती घरे विकली गेली आणि साधारण कोणत्या भावाने’ या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी आजूबाजूचा प्रत्येक क्रमांक शोधायचा, प्रत्येक वर्ष वेगळे काढायचे, क्षेत्रफळाने भागून दर काढायचा आणि वहीत मांडायचा. एखादा अभ्यासक हे करेल. मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढलेल्या शेतकऱ्याकडून ही अपेक्षा कशी धरायची?

एकाच घराचा भाव त्याच घराच्या जुन्या भावाशी ताडून पाहणे ही घरांच्या अर्थशास्त्रातली मान्य पद्धत आहे. अमेरिकेत कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर घरांच्या किमतींचा निर्देशांक उभा केला. शिलर यांना पुढे २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विकली गेलेली सगळी घरे एकत्र करून सरासरी काढली तर यंदा मोठे बंगले विकले गेले की सरासरी चढते आणि पुढच्या वर्षी लहान घरे विकली गेली की उतरते, भाव मात्र जागच्या जागी असू शकतो. तेच घर दोनदा विकले गेले असेल तर हा घोटाळा पुष्कळसा टळतो. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठच्या घरांचे १६२८ ते १९७३ या काळातले व्यवहार पिएट आयख्होल्त्झ या अभ्यासकाने याच पद्धतीने तपासले. महागाई वजा केल्यावर साडेतीन शतकांत त्या घरांची किंमत जेमतेम दुप्पट झाली होती. ‘जागेचा भाव कधी पडत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

हेच गणित आपल्याकडे लावून पाहू. समजा, २००१-०२ मध्ये कोणी ३ लाख रुपयांना घर घेतले आणि २०२५-२६ मध्ये ते १२ लाखांना विकले. चारपट झाले म्हणून घरात आनंद होणारच. पण आयकर विभागाचा महागाई निर्देशांक २००१-०२ मध्ये १०० होता, तो २०२५-२६ साठी ३७६ आहे. त्या हिशेबाने मूळ ३ लाखांचेच ११ लाख २८ हजार होतात. म्हणजे २४ वर्षांत खरी वाढ झाली ७२ हजारांची. शिवाय हा निर्देशांक ठरवताना ग्राहक किमतीतली वाढ पूर्ण न धरता ७५ टक्केच धरली जाते. ती पूर्ण धरली तर ही ७२ हजारांची वाढही हातात राहील का, याची शंका आहे. आणि याच काळात त्या आळीतली इतर घरे सहापट झाली असतील तर आणखी एक प्रश्न पुढे येतो. हेच घर मागे का राहिले? वाट अरुंद आहे, पावसात पाणी शिरते की कागदपत्रांत गुंता आहे? वस्तीचा भाव माहीत असला तरच हा प्रश्न सुचतो आणि इसार देण्याआधी विचारता येतो.

सरकारी किमतीवर विसंबावे तर ती या प्रश्नाचे उत्तर देत नाही. रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ते, मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी आहेत. ग्रामीण भागात ते गावनिहाय असतात आणि गावठाण, हमरस्त्यालगतची मिळकत, जिरायत, बागायत अशा वर्गांनी दर दिलेला असतो. बांधकामाचे आरसीसी, इतर पक्के, अर्धे पक्के आणि कच्चे असे प्रकार पाडून वयाप्रमाणे घसारा धरतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षे राज्यभर दर होते तसेच ठेवले गेले. १ एप्रिल २०२५ पासून ते वाढले, ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्क्यांनी आणि मुंबई वगळता महापालिका क्षेत्रांत सरासरी ५.९५ टक्क्यांनी. एका गावठाणाला एक दर लावणारा तक्ता नदीकडचे घर आणि चढावरचे घर यांत भेद करत नाही.

गगनबावड्याच्या रस्त्यावर तर हाच भेद निर्णायक आहे. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका. कुंभी नदी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि वाहतूक थांबते, हे इथल्या प्रत्येक एसटी प्रवाशाला ठाऊक आहे. खाली कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली. त्या दोन महापुरांनंतर कोणत्या आळीत घरे पडत्या भावाने विकली गेली, कोणत्या आळीत भाव टिकला आणि कुठे गिऱ्हाईकच फिरकले नाही, याची नोंद सूच्यांमध्ये आहे. ती एकत्र मांडली तर पूररेषेच्या नकाशाइतकीच उपयोगाची ठरेल. नकाशा कागदावरचा धोका दाखवतो. लोकांनी तो धोका पैशांत किती मोजला, हे व्यवहारच सांगतात.

रस्त्यांचेही तसेच. तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या कामासाठी जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट बंद झाला आणि सुमारे वर्षभर कोकणाकडची वाहतूक भुईबावडा व इतर घाटांकडे वळली. घाट बंद असताना भाव काय होते आणि सुरू झाल्यावर काय झाले, हे आज फक्त एजंटांना अंदाजाने माहीत आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबाबतही गैरसमज पसरतात. केंद्राच्या जुलै २०२४ च्या मसुद्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकाम प्रकल्पांना मनाई आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीवर किंवा मालकी हस्तांतरावर ती नाही. ‘आता इथे काही होणार नाही, मिळतंय तेवढं घ्या’ असे सांगून कोणी स्वस्तात जागा पदरात पाडू पाहत असेल, तर भोवतालच्या खऱ्या व्यवहारांचे आकडे दाखवणे हाच गावकऱ्याचा बचाव आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सूचीतला मोबदला खरा असतो का? अनेकदा नसतो. मोबदला आणि सरकारी मूल्य यांतली जी रक्कम जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क पडते. म्हणून खरी किंमत जास्त असली तरी दस्तात सरकारी मूल्याच्या आसपासचा आकडा लिहायचा आणि वरची रक्कम रोख द्यायची, ही रीत जुनी आहे. २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. तरीही ही रीत पुरती गेलेली नाही. मात्र बँकेचे कर्ज वाढत गेले तसा दस्तात खरा आकडा लिहिण्याकडे कलही वाढला आहे, कारण दस्तात किंमत कमी दाखवली की कर्जही कमी मिळते.

खोटा आकडा लिहिण्याची खरी किंमत गाव नंतर मोजते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ नुसार मोबदला ठरवताना रेडी रेकनरचा दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांवरून काढलेली सरासरी यांतला जास्त आकडा धरायचा असतो. त्या सरासरीसाठी मागच्या तीन वर्षांचे दस्त घेऊन त्यांतले चढ्या किमतीचे निम्मे दस्त निवडतात. म्हणजे गावात तीन वर्षे सगळ्यांनी शुल्क वाचवायला कमी आकडे लिहिले, तर रस्ता रुंद करायला मोजणीदार आले की मोबदलाही त्याच आकड्यांवर बेततो. चार लोकांनी वाचवलेले शुल्क गावातल्या पन्नास जणांच्या नुकसानीतून वसूल होते. भाव उघडे असते तर हे गणित चावडीवर आधीच झाले असते आणि कमी आकडा लिहिणाऱ्याला शेजाऱ्यांनीच जाब विचारला असता.

दुसरे दुखणे नोंदच न झालेल्या व्यवहारांचे आहे. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे रीतसर खरेदीखत वर्षानुवर्षे होत नव्हते. कोल्हापूरच्या हद्दीलगत आणि ग्रामपंचायतींत असंख्य कुटुंबांनी स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घर बांधले. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी काहींना दिलासा मिळाला. पण नोटरीवरचा भाव कोणत्याही सूचीत येत नाही. आज अशी घरे विकायला निघाली की त्यांना ना मागचा भाव असतो, ना शेजारचा. कोल्हापूर महापालिकेची हद्द १९७२ पासून वाढलेली नाही. हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. या गावांत घर घेणाऱ्याला शहराचे दर मोजावे लागतात आणि कागद मात्र गावचे मिळतात.

घाटाकडच्या गावांत आणखी एक अडचण आहे. जांभ्या दगडाच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली अनेक घरे आजवर विकलीच गेलेली नाहीत. ती वारसाने आली. मुले मुंबई-पुण्याला गेली आणि घराला कुलूप लागले. गावठाणातल्या अशा घराला पिढ्यान्पिढ्या ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार होता आणि तोही मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हा मोठा बदल आहे. पण पत्रिका हातात आली तरी भाव कळत नाही. याचा सर्वांत मोठा फटका बहिणींना बसतो. हक्कसोडपत्रावर सही करताना त्या घराचे, त्या परड्याचे मोल किती, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्यांना शोधायलाही जागा नसते. गावातली चार घरे अलीकडे कितीला गेली, हे मोबाइलवर दिसले तर सही करायची की नाही हा निर्णय ती बहीण डोळे उघडे ठेवून घेईल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे काम जमिनीची नोंदणी करणारे सरकारी खाते करते. १९९५ पासून विकल्या गेलेल्या घरांच्या किमती, तारखा, पत्ते आणि घराचा प्रकार तिथे कोणालाही फुकट पाहता येतो. घेणाऱ्याचे व विकणाऱ्याचे नाव त्या यादीत नसते. खासगीपणाचा मुद्दा तिथे असा सुटला. आपल्याकडे सूचीत नावे असतात, म्हणून वस्तीनिहाय माहिती देताना ती गाळावीत. आपल्या देशात राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ निर्देशांक आहे, पण तो ५० शहरांपुरता. एका तालुक्यातल्या एका आळीचा प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही. तो सोडवण्याचे साधन फक्त राज्याच्या नोंदणी विभागाकडे आहे.

म्हणून पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडे आणि राज्य सरकारकडे मागणी साधी आहे. २००२ पासूनच्या सूच्यांमधली नावे वगळून मोबदला, सरकारी मूल्य, क्षेत्रफळ, मिळकतीचा प्रकार आणि तारीख एवढे रकाने गावनिहाय व प्रभागनिहाय खुले करावेत. एका क्रमांकाऐवजी संपूर्ण गावाची पाच वर्षे एकदम पाहता यावीत. रेडी रेकनरचे नवे दर ठरवताना त्या गावातले कोणते व्यवहार धरले, त्यांचा गोषवारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि नदीकाठच्या गावांत पूररेषेच्या आतल्या व बाहेरच्या व्यवहारांचा भाव वेगळा दाखवावा. माहिती गोळा झालेलीच आहे, ती नीट मांडून द्यायची आहे.

सरकार हे करील तोवर घेणाऱ्याने थांबायचे कारण नाही. घर घेताना वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात. मालकी निर्वेध आहे का, बोजा आहे का, यासाठी तो असतो. त्यासाठी वकील ज्या सूच्या चाळतात त्यांतच मोबदल्याचा रकाना असतो. त्यांना सांगून या घराच्या प्रत्येक व्यवहाराची रक्कम व तारीख अहवालात लिहून घ्यावी आणि लगतच्या पाच-सहा क्रमांकांच्या सूच्याही काढायला सांगाव्यात. त्यासाठी थोडा जास्त खर्च येईल, पण लाखोंच्या सौद्यात तो नगण्य आहे. विकणाऱ्याने आणि हक्क सोडणाऱ्याने हेच करावे. आणि आपल्या दस्तात मोबदला खरा तोच लिहावा. उद्या शेजारी त्याच आकड्यावर आपले घर विकणार आहे आणि सरकार त्याच आकड्यावर गावाची जमीन घेणार आहे.